वय वर्षे आठ आणि पुढे

मे महिन्यात मुंबई-पुण्याहून गुहागरात उतरणाऱ्या चाकरमान्याच्या सामानात अलीकडे एक चौकोनी खोके असते, जे हलवले असता खुळखुळते, ज्याच्यावर धूर सोडत धावणाऱ्या मोटारीचे चित्र असते आणि ज्याच्या आत मोटार मुळीच नसते. आत असतात ते छोट्या पिशव्यांत भरलेले प्लास्टिकचे ठोकळे आणि एक जाडजूड पुस्तिका. ठोकळ्यांची मोटार होणे ही भविष्यकाळातील घटना असून ती कोणाच्या हातून, कोणत्या महिन्यात आणि किती शब्दाशब्दीनंतर घडेल याची हमी खोक्यावर दिलेली नसते. चित्रपटात गाजलेल्या मोटारीची ठोकळ्यांतील प्रतिकृती, आणि तीही भेट म्हणून विकत घेतलेली, एवढ्यापुरताच प्रस्तुत विवेचनाचा विषय मर्यादित आहे. स्वतःसाठी घेतलेल्या प्रतिकृतीचा विचार येथे केलेला नाही, कारण चाळिशी उलटलेला आणि तशी उघड कबुली देणारा गृहस्थ गुहागर तालुक्यात अद्याप आढळलेला नाही. तो नेहमी भाच्यासाठीच घेत असतो.

या भूमीत वाहनरूपी खेळण्यांची पूर्वपरंपरा नव्हती असे मात्र कोणी समजू नये. पोफळीच्या झावळीचा जो रुंद, चिवट भाग खोडाला वेढून असतो आणि झावळीबरोबर गळून पडतो, त्याला विरी म्हणतात. विरीवर धाकट्या भावंडाने बसायचे आणि झावळीचा शेंडा धरून थोरल्याने वाडीतून ओढत न्यायचे, असे हे गुहागरचे आद्य वाहन होते. त्याचे एकूण भाग एक, किंमत शून्य, वयोमर्यादा नाही आणि गतिरोधकही नाही. त्यानंतरच्या काळात सावंतवाडीच्या चितारआळीतील रंगीत लाकडी खेळणी भेट म्हणून येऊ लागली. त्यांचे वैशिष्ट्य असे की ती तयार स्थितीत येत, म्हणजे कष्ट कारागिराने केलेले असत, पैसे पाहुण्याने दिलेले असत आणि मुलाने फक्त खेळायचे उरलेले असे. हा सरळ व्यवहार मोडण्याचे श्रेय लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्याकडे जाते. त्यांनी १९०१ मध्ये भोके पाडलेल्या पट्ट्या, नट आणि स्क्रू यांच्या खेळण्याचे पेटंट घेतले, पुढे ते ‘मेकॅनो’ या नावाने जगभर गेले आणि भेट देणाऱ्याने वस्तूऐवजी काम द्यावे ही प्रथा त्याबरोबर रूढ झाली.

लेगो कंपनीने या प्रथेतून स्क्रू काढून टाकले. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्तियान्सेन नावाच्या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळण्यांचा धंदा सुरू केला, त्यांचे चिरंजीव गोटफ्रेड यांनी आज प्रचलित असलेल्या ठोकळ्याचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल केले आणि १९६३ पासून हे ठोकळे एबीएस या टणक, चकचकीत प्लास्टिकचे होऊ लागले. ठोकळ्याच्या माथ्यावर गोल उंचवटे आणि पोटात पोकळ नळ्या, एवढीच त्याची रचना. खालच्या ठोकळ्याचे उंचवटे वरच्याच्या पोटातील नळ्यांच्या आणि भिंतींच्या मध्ये अडकतात, आणि ही पकड इतकी नेमकी असते की मूल ती सहज सोडवू शकते, पण मूल झोपल्यावर वडिलांना ती दातांनी सोडवावी लागते. उंचवट्यांमधले अंतर आठ मिलिमीटर असते आणि १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. एकाच घरातल्या दोन पिढ्यांबद्दल असे विधान करण्याचे धाडस कोणी सहसा करत नाही.

त्याच १९५८ साली मुंबईत ‘चलती का नाम गाडी’ हा चित्रपट प्रदर्शित झाला, ज्यात अशोक, किशोर आणि अनुप या गांगुली बंधूंनी मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालवणाऱ्या तीन भावांचे काम केले आणि एका खटारा मोटारीने त्यांच्या बरोबरीचे. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही, तथापि तुलनात्मक अभ्यासकाला ही संधी सोडवत नाही: एकीकडे सुटे भाग घट्ट बसवण्याचा शोध लागत होता आणि दुसरीकडे घट्ट बसवलेले भाग कसे सुटतात याचे सांगीतिक दर्शन घडत होते. एवढे असूनही त्या खटाऱ्याचा ठोकळ्यांतील अवतार बाजारात नाही. मराठी चित्रपटाची स्थिती याहून वेगळी नाही. २००८ च्या ‘दे धक्का’ मधील ढकलल्याशिवाय सुरू न होणारे वाहन तर ठोकळ्यांत साकारण्यास अत्यंत अनुकूल आहे, कारण त्याला मोटर, बॅटरी, स्प्रिंग असे काहीच लागणार नाही, बाजूला ढकलणारे कुटुंब तेवढे द्यावे लागेल. अशा सूचना पाठवण्याची सोय कंपनीने ठेवलेली आहे. चाहत्याने आराखडा मांडायचा आणि त्याला दहा हजार पाठीराखे मिळाले की कंपनी विचार करते. लग्नाच्या आमंत्रणाला दहा हजार माणसे जमवणाऱ्या महाराष्ट्राला हा आकडा अवघड जाण्याचे वास्तविक कारण नाही.

चित्रपटाचे नाव, मोटारीचे रूप आणि पात्रांचे चेहरे वापरण्यासाठी मूळ मालकाला पैसे देऊन जी लेखी परवानगी घेतात तिला परवाना म्हणतात. कंपनीने चित्रपटाचा असा पहिला परवाना ‘स्टार वॉर्स’साठी घेतला, त्या मालिकेतील ठोकळे १९९९ मध्ये आले आणि त्यानंतर हॉलिवूडच्या मोटारी एकामागून एक खोक्यात शिरू लागल्या. जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन २०१८ मध्ये १,२९५ भागांत आली, १९८९ च्या चित्रपटातील बॅटमोबिल २०१९ मध्ये ३,३०६ भागांत, ‘फास्ट अँड फ्युरिअस’मधील काळी डॉज चार्जर २०२० मध्ये १,०७७ भागांत, आणि भुते पकडणाऱ्यांची रुग्णवाहिका त्याच वर्षी २,३५२ भागांत. खऱ्या मोटारीची थोरवी अश्वशक्तीत मोजतात, ठोकळ्यांच्या मोटारीची भागसंख्येत. आणि भेट देणारा गृहस्थ पडवीत चपला काढता काढताच ही संख्या सांगून टाकतो, जेणेकरून पुढच्या चहाची प्रत त्यानुसार ठरावी.

या सर्व मोटारींत गुहागरच्या दृष्टीने अभ्यासनीय अशी एकच आहे, ती म्हणजे १९८५ च्या ‘बॅक टू द फ्यूचर’मधील डेलोरियन. मूळ मोटार बेलफास्टजवळच्या डनमरी येथील कारखान्यात १९८१ ते १९८३ या काळात जेमतेम नऊ हजारांच्या आसपास तयार झाली आणि कंपनी बुडाली. तिचे अंग रंग न दिलेल्या स्टेनलेस स्टीलचे होते, म्हणजे कोकणच्या खाऱ्या हवेत चार पावसाळे टिकण्याची शक्यता असलेली कदाचित ती एकमेव विलायती मोटार होती, आणि ती कोकणात विकायचे कोणाला सुचले नाही. तिची दारे बाजूला न उघडता पंखांप्रमाणे वर जात. हा दिखाऊपणा होता असे टीकाकार म्हणत आले आहेत, परंतु गुहागरच्या वरच्या पाटाकडून खालच्या पाटाकडे, म्हणजे गावाच्या एका वस्तीतून दुसरीकडे, जाताना दोन्ही बाजूंच्या जांभ्याच्या गडग्यांमध्ये ज्याने मोटार उभी केली आहे आणि मग दार उघडत नाही म्हणून खिडकीतून बाहेर पडला आहे, त्याला त्या दारांमागची दूरदृष्टी समजावून सांगावी लागत नाही.

चित्रपटातील डॉक्टर ब्राऊन नावाचे शास्त्रज्ञ या मोटारीचे कालयंत्र करतात. कालयंत्र म्हणजे भूतकाळात वा भविष्यकाळात नेणारे वाहन. गुहागर आगाराच्या गाड्यांना वेळापत्रकाच्या संदर्भात जे साधते ते येथे हेतुपुरस्सर केलेले असते. कालयंत्र चालण्यासाठी दोन अटी आहेत. पहिली, मोटारीने ताशी ८८ मैल, म्हणजे सुमारे १४२ किलोमीटर वेग गाठला पाहिजे. मूळ डेलोरियनच्या वेगमापकावर ८५ मैलांपुढे आकडेच नव्हते, ही गोष्ट शास्त्रज्ञांनी मनावर घेतली नाही. गुहागरहून चिपळूणला जाणाऱ्या घाटवळणांवर हा वेग गाठू पाहणारा मनुष्य भूतकाळात जमा होईल यात शंका नाही, मात्र त्याला त्यासाठी वेगळे यंत्र लागणार नाही. किनाऱ्यावर सरळ रस्ता मिळतो अशी समजूत करून घेणाऱ्या पर्यटकांच्या मोटारी पुळणीत, म्हणजे समुद्रकाठच्या मऊ वाळूत, रुतून बसतात आणि भरती येईपर्यंत ट्रॅक्टरची वाट पाहतात. काळ तेथेही थांबल्यासारखा वाटतो, पण तो शास्त्रीय पुरावा मानता येत नाही.

दुसरी अट विजेची आहे आणि येथे गुहागर तालुक्याचे स्थान जागतिक होते. काळ ओलांडण्यासाठी १.२१ गिगावॉट वीज लागते. गिगावॉट म्हणजे एक हजार मेगावॉट, तेव्हा हिशेब १,२१० मेगावॉटांचा झाला. चित्रपटाचा नायक मार्टी १९५५ सालात अडकतो तेव्हा एवढी वीज मिळवण्यासाठी डॉक्टरांना घड्याळाच्या मनोऱ्यावर १२ नोव्हेंबरच्या रात्री पडणाऱ्या विजेच्या लोळाचा आसरा घ्यावा लागतो. अंजनवेलच्या प्रकल्पाची माहिती त्यांना असती तर हा खटाटोप टळला असता काय, हे तपासण्यासारखे आहे. एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीचा हा प्रकल्प गुहागर तालुक्यात असून त्याला नाव मात्र खाडीपलीकडच्या, दापोली तालुक्यातल्या दाभोळचे मिळाले, ही सल येथे अद्याप पुरती गेलेली नाही. त्याचा पहिला टप्पा ७४० मेगावॉटांचा, तो १९९९ मध्ये सुरू झाला. साधे त्रैराशिक मांडले तर एवढ्या विजेवर मार्टी १९५५ हून निघून १९७४ च्या सुमारास गाडीतून उतरला असता आणि पुढचा प्रवास त्याला एसटीने करावा लागला असता. पुढे रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे गेलेल्या संपूर्ण प्रकल्पाची क्षमता १,९६७ मेगावॉट आहे, जी गरजेपेक्षा कितीतरी जास्त. त्याच त्रैराशिकाने मार्टी १९८५ ओलांडून थेट २००४ मध्ये पोहोचतो. आता प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता आणि २००६ पर्यंत तो पुन्हा सुरू झाला नाही. म्हणजे मार्टी अशा वर्षी येऊन थांबतो की परतीची वीज नाही, आणि अंजनवेलच्या गोपाळगडावर बसून गॅस कधी येतो याची चौकशी करण्याखेरीज त्याला उद्योग नाही. या अवस्थेत तालुक्यातील पुष्कळ तरुणांशी त्याची ओळख झाली असती.

या मोटारीची मोठी प्रतिकृती २०२२ मध्ये १,८७२ भागांत आली. तिच्या खोक्यावर ‘१८+’ असे छापलेले आहे आणि भेटीचा खरा घोळ येथून सुरू होतो, कारण भेट द्यायची असते ती मुंजीत, आणि बटू असतो आठ वर्षांचा. आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणे ब्राह्मण मुलाचे उपनयन आठव्या वर्षी करावे, किंवा गर्भधारणेपासून मोजून आठव्या वर्षी, म्हणजे व्यवहारात थोडे आधीही चालते. योगायोग असा की ‘फास्ट अँड फ्युरिअस’मधील डॉज चार्जरच्या ३४५ भागांच्या लहान प्रतिकृतीवर कंपनीने नेमके ‘८+’ असे छापले आहे. क्षत्रिय आणि वैश्य बटूंसाठी सूत्रकारांनी अकरावे आणि बारावे वर्ष सांगितले, तर त्याच चार्जरच्या मोठ्या आवृत्तीला कंपनीने दहावे वर्ष लावले. फरक फारसा नाही. बिलुंड येथे गृह्यसूत्रांचे वाचन होत असल्याचा कोणताही पुरावा नाही, परंतु आठ वर्षांच्या मुलाला किचकट सूचना तंतोतंत पाळायला लावता येतात हा निष्कर्ष दोन्ही परंपरांनी स्वतंत्रपणे काढलेला दिसतो. गर्भापासून वर्षे मोजण्याची सवलत मात्र कंपनी देत नाही. उलटपक्षी सूत्रकारांनी ब्राह्मणासाठी सोळा वर्षे ही वरची मर्यादा ठेवली होती आणि ती ओलांडणाऱ्याला संस्कारभ्रष्ट ठरवले होते. कंपनीने आपल्या मोठ्या मोटारींना वरची मर्यादाच ठेवलेली नाही, कारण तिचा नफा संस्कारभ्रष्टांवर चालतो.

‘१८+’ या चिन्हाने गुहागरात वेगळीच अडचण उभी राहते. ज्या पिढीने हे चिन्ह फक्त चित्रपटांच्या जाहिरातींत पाहिले आहे तिला असे खोके मंडपात, गुरुजींच्या देखत, भिक्षावळीच्या ताटाशेजारी ठेवणे प्रशस्त वाटत नाही. वस्तुस्थिती अगदी उलट आहे: मूळ चित्रपट सहकुटुंब पाहण्याजोगा, आणि प्रौढत्वाची अट घातली गेली ती त्याच्या खेळण्याला. हे खेळणे आहे की नाही हाही प्रश्नच आहे. केंद्र सरकारच्या खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आणि त्यात खेळणे म्हणजे चौदा वर्षांखालील मुलांनी खेळण्यासाठीची वस्तू असा अर्थ धरलेला आहे. मग अठरा वर्षांच्या पुढच्यांसाठी काढलेल्या ठोकळ्यांना काय म्हणावे? कायदेपंडित यावर काहीही म्हणोत, झोपाळ्यावरून हे सारे पाहणाऱ्या आजींनी त्याला ‘पसारा’ हे नाव देऊन विषय मिटवलेला असतो.

खरेदीच्या बाजूबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण तिच्यात वेदना अधिक आणि विनोद कमी आहे. परदेशातून येणाऱ्या खेळण्यांवरील सीमाशुल्क, म्हणजे आयातीवरचा कर, २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. डेलोरियन बाजारात आली तेव्हा तिची अमेरिकेतील किंमत १७० डॉलरच्या घरात, म्हणजे तेव्हाच्या दराने तेरा हजार रुपयांच्या आसपास होती. कर, वाहतूक आणि दुकानदार यांची वळणे घेत ती गुहागरपर्यंत कितीची होते हे भेट देणारा पत्नीलाही सांगत नाही. दुबई किंवा कुवेतहून सुट्टीवर येणाऱ्या तालुक्यातील मंडळींना ही वस्तू तुलनेने स्वस्तात मिळते आणि म्हणून जूनच्या आधी त्यांच्याशी असलेले जुने स्नेहसंबंध अचानक ताजे होतात. तिसरा मार्ग जत्रेतील आणि फुटपाथवरील नकली ठोकळ्यांचा. चीनमधील ‘लेपिन’ या नावाने अशा नकला करणाऱ्या टोळीवर २०१९ मध्ये छापे पडले आणि पुढच्या वर्षी शांघायच्या न्यायालयाने नऊ जणांना शिक्षा सुनावली, परंतु नकलांचा वंश खुंटलेला नाही. त्या खोक्यांवरील मोटार ओळखू येते, वीर ओळखीचा वाटतो, फक्त चित्रपटाचे नाव कोणत्याही भाषेत वाचता येत नाही.

मुंजीच्या मंडपात दाखल झाल्यावर या खोक्याची गाठ आहेराच्या वहीशी पडते. आहेराची वही म्हणजे कोणी काय दिले याची नोंद, जी वरवर कृतज्ञतेसाठी आणि प्रत्यक्षात परतफेडीसाठी ठेवलेली असते. समोरच्याच्या घरी कार्य निघाले की ती फडताळातून काढून तेवढ्याच तोलाची वस्तू द्यायची, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापलेले असले तरी वही तयार असते. तीत नाव, गाव, रोख आणि वस्तू असे रकाने असतात. रोख रकमेत संदिग्धता नसते, ताट-वाटी वजनावर जाते, चादर हाताने चाचपून कळते, पण ठोकळ्यांच्या मोटारीचा तोल ठरवण्याचे कोणतेही साधन वही लिहिणाऱ्या काकांजवळ नसते. किमतीची चिठ्ठी सभ्यपणे खरवडून काढलेली असते. काका ‘खेळणे, मोठे, १’ असे लिहितात, शेजारी उभा असलेला दाता खाकरून ‘१,८७२ भाग आहेत’ असे सुचवतो, काका चष्म्यातून वर पाहतात आणि कंसात ‘सुटे’ हा शब्द घालतात. तेरा हजारांच्या वर गेलेला हा आहेर तेवढ्या एका शब्दाने भंगाराच्या भावात येतो. यावर इलाज म्हणून हल्ली काही दाते मोटार आधीच जोडून आणण्याचा विचार करतात, परंतु जोडलेली मोटार चिपळूणच्या पुढे खड्ड्यांत स्वखुशीने पुन्हा सुटी होते.

पाहुणे गेले, मांडव उतरला, आगोटीची कामे, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, आटोपली आणि पहिला पाऊस लागून वीज गेली की खोके उघडले जाते. याआधी ते उघडू दिले जात नाही, कारण ‘हरवतील’. बटूला पिशव्या फोडण्याचा मान मिळतो. त्यानंतरचे काम वडिलांकडे जाते, कारण पुस्तिकेत ‘१८+’ ला आधार आहे. ते शेजारच्या काकांकडे जाते, कारण त्यांनी पंप दुरुस्त केलेला आहे. आणि अकराव्या पिशवीच्या सुमारास मुंबईहून मामांचा व्हिडिओ कॉल येऊन ‘राखाडी दोन प्रकारचे आहेत, तुम्ही गडद लावलाय’ असे निदान होते. एकमत नसलेली तीन मोठी माणसे कंदिलाभोवती डोकी लावून बसलेली असतात आणि ज्याच्या नावाने वस्तू आली तो ‘हात नको लावू’ हे वाक्य ऐकत खिडकीतून पागोळ्या मोजत असतो. काम पुरे झाल्यावर चार-सहा बारीक भाग उरतात. बारके तुकडे हरवण्याची शक्यता धरून कंपनी ते मुद्दाम जास्तीचे घालते, पण ज्या समाजात मिक्सर दुरुस्तीनंतर उरलेल्या स्क्रूचा अर्थ कारागीर पुन्हा येणार असा घेतात तेथे हे स्पष्टीकरण कोणाच्या गळी उतरत नाही, आणि काका मोटार मागच्या चाकापासून पुन्हा उघडायला घेतात.

तयार मोटार शोकेसमध्ये जाते. तिची जागा ठरलेली असते: वरच्या खणात समया आणि सत्काराची स्मृतिचिन्हे, खालच्यात चांदीचा मुलामा दिलेली गणपतीची मूर्ती, मधल्यात ही. काच सरकवून कुलूप लावले जाते. एबीएस प्लास्टिकला कोकणचा दमट पावसाळा काही करू शकत नाही, त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांच्या कडा तेवढ्या उचलतात. खोके मात्र माळ्यावर जपून ठेवलेले असते, कारण कंपनीने उत्पादन थांबवले की खोक्यासकट वस्तूची किंमत वाढते अशी माहिती मामांनी दिलेली असते. वाळवीला ही माहिती नसते.

येथपर्यंतचा सारा व्यवहार प्रौढांचा आहे आणि तो येथेच संपला असता, पण गणिताने घात केला. चार गुणिले दोन उंचवट्यांचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले तर ते परस्परांना ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असे कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या साहाय्याने काढले आहे. सहा ठोकळ्यांची ही कथा. १,८७२ भागांचा आकडा लिहायला आहेराची वही पुरणार नाही. या अगणित शक्यतांपैकी नेमक्या तीन पुस्तिकेत छापलेल्या असतात आणि प्रौढ माणूस त्यांतल्या एकीसाठी तीन रात्री जागतो. मुलाला उरलेल्या सर्व मोकळ्या असतात, फक्त कुलपाची किल्ली कोठे असते ते ठाऊक हवे, आणि देवघराच्या कोनाड्यात हळदकुंकवाच्या करंड्याखाली ती असते हे घरातल्या कोणत्याही आठ वर्षांच्या मुलाला ठाऊक असते.

जुलै-ऑगस्टच्या दुपारी, मोठी माणसे आडवी झालेली असताना, डेलोरियनचे जे होते ते गुहागरच्या भूगोलाला धरून होते. मुलाने खऱ्या आयुष्यात पंखांच्या दारांची मोटार पाहिलेली नसते. त्याने पाहिलेले सर्वांत अद्भुत वाहन म्हणजे धोपावे-दाभोळ फेरीबोट, जी वाशिष्ठीच्या खाडीत मोटारी, ट्रक, दुचाक्या आणि माणसे एकाच सपाट पाठीवर घेऊन जाते आणि काठाला लागताच तोंडाची फळी खाली टाकते. वर जाणारी दोन दारे काढून पुढे-मागे आडवी लावली की फेरीबोटीच्या दोन फळ्या होतात. स्टीलच्या रंगाचे राखाडी ठोकळे तळाला जातात. बोनेट पसरून डेक होतो. कालयंत्रातील चकाकणारा भाग नाखव्याच्या खोलीत दिवा म्हणून बसतो, डॉक्टर ब्राऊन तिकिटे फाडतात आणि मार्टी पुढच्या फळीवर उभा राहून दोर फेकतो. परवाना, चित्रपट, भागसंख्या, वयोमर्यादा या सर्वांतून वस्तू सुटते. वस्तूचा दर्जा या रूपांतराने वाढला की घटला याबद्दल घरात दोन मते असतात, पण आजींनी यावेळी ‘पसारा’ म्हटलेले नसते, त्या दाभोळला माहेर असल्यासारखे बोट न्याहाळत असतात, आणि त्यांचे माहेर खरोखरच दाभोळचे असते.

भाद्रपदात मामा गणपतीला येतात. मखराच्या पुढ्यात आरास म्हणून परातीत निळे पाणी भरून, वाळू आणि सुरूच्या फांद्या लावून खाडीचा देखावा केलेला असतो आणि त्यात फेरीबोट उभी असते. मामा आरती होईपर्यंत कसेबसे धीर धरतात, प्रसाद हातात घेतात आणि शोकेसच्या रिकाम्या खणाकडे पाहत गाडी कुठे आहे असे विचारतात. भाच्याने त्यांच्याच मोबाइलवर, त्यांच्याच आग्रहावरून, तो चित्रपट मेमध्ये दोनदा पाहिलेला असतो.

“मामा, ती १९५५ मध्ये गेलीय,” तो सांगतो. “अजून आली नाही. तिकडे लाइट नाहीत.”